क्रूझवरच्या डिनरला पुरुषांनी काय घालावं: टक्सिडो, सूट, ब्लेझर की नुसता शर्ट?

क्रूझचं बुकिंग झालं की कागदपत्रांसोबत कपड्यांविषयी एक सूचना येते. एका कंपनीच्या सूचनेत 'गाला इव्हनिंग' असतं, दुसरीच्या 'इव्हनिंग शीक', तिसरीच्या 'क्रूझ एलिगंट', आणि 'स्मार्ट कॅज्युअल' तर जवळपास सगळीकडे. वाचून हाती फारसं काही लागत नाही. सूट न्यायचा का, टाय लागेल का, जीन्स चालेल का, हे प्रश्न तसेच राहतात. मग कुणी भीतीपोटी अर्धं कपाट बॅगेत कोंबतो, तर कुणी 'सुट्टीवरच तर चाललोय' म्हणत चार टी-शर्ट घेऊन निघतो आणि फॉर्मल नाइटला, म्हणजे नटूनथटून जेवायला जायच्या रात्री, डायनिंग रूमच्या दारात अवघडून उभा राहतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. टक्सिडो, सूट, ब्लेझर आणि शर्ट-पँट या चार पर्यायांत बहुतेकांनी गडद निळ्या सूटवर पैसे आणि बॅगेतली जागा खर्च करावी. पण काही जहाजांवर तो अनाठायी ठरतो, म्हणून कपाट उघडण्याआधी जहाजाकडे बघू.

आधी जहाज

कपड्यांच्या बाबतीत सर्वांत काटेकोर म्हणजे क्युनार्ड ही कंपनी. तिच्या 'क्वीन मेरी २'सारख्या जहाजांवर गाला इव्हनिंगला पुरुषांकडून टक्सिडो किंवा गडद सूट आणि बो टाय किंवा टाय अशी अपेक्षा असते. आपल्या देशाचा औपचारिक पोशाख किंवा लष्करी गणवेशही तिथे मानाने चालतो. साउदॅम्प्टन ते न्यूयॉर्क या सात रात्रींच्या प्रवासात अशा गाला इव्हनिंग साधारण दोन असतात. उरलेल्या संध्याकाळीही ६ नंतर 'स्मार्ट' पोशाख लागतो. टायची सक्ती नसते, पण कॉलरचा शर्ट आणि ब्लेझर शोभून दिसतो. मुख्य म्हणजे हा नियम जेवणाच्या टेबलापुरता नाही. बहुतेक बार आणि नाचाचा हॉल, सगळीकडे तोच लागू. ज्यांना नटायचं नसेल त्यांच्यासाठी बुफे, पब अशा ठरावीक जागा मोकळ्या असतात. म्हणजे कुणी उपाशी राहत नाही, पण त्या रात्रीचं अर्धं जहाज त्याच्यासाठी बंद होतं.

प्रिन्सेस, हॉलंड अमेरिका, रॉयल कॅरिबियन, कार्निव्हल, एमएससी, सेलिब्रिटी या मधल्या फळीतल्या कंपन्या. सात रात्रींच्या प्रवासात एक किंवा दोन नटण्याच्या रात्री, बाकी सगळं साधं. नटण्याच्या रात्रीही सूट सुचवलेला असतो, पण नीट इस्त्रीचा फुल शर्ट आणि फॉर्मल पँट घालून आलेल्या माणसाला सहसा कुणी अडवत नाही. कार्निव्हलच्या एलिगंट रात्रीला कोट ऐच्छिक आहे. सेलिब्रिटीच्या 'इव्हनिंग शीक'मध्ये चांगली गडद जीन्सही खपून जाते.

तिसरा गट मोकळ्या जहाजांचा. नॉर्वेजियनने २००० साली 'फ्रीस्टाइल' पद्धत आणली आणि सक्तीची फॉर्मल नाइट काढून टाकली. व्हायकिंगच्या सागरी जहाजांवर आणि ओशनियावर फॉर्मल नाइट नाही. मात्र तिथे संध्याकाळचा सर्वसाधारण पोशाखच नीटनेटका असतो, आणि हे लोकांच्या लक्षात येत नाही. 'फॉर्मल नाही' याचा अर्थ 'काहीही चालेल' असा घेऊन गेलेला माणूस व्हायकिंगवर रोजच थोडा कमी पडतो. व्हर्जिन व्हॉयेजेस फक्त प्रौढांसाठी आहे आणि तिथे ड्रेस कोडचं ओझं जवळपास नाहीच. 'स्कार्लेट नाइट'ला लोक लाल रंगाचं काहीतरी घालतात, तेवढं एक लक्षात ठेवायचं.

नियम अधूनमधून बदलतात, म्हणून निघण्याच्या आठवड्यात कंपनीच्या साइटवरचं पान पुन्हा वाचा.

टक्सिडो की सूट

टक्सिडोच्या बाजूने मी मनापासून बोलेन, कारण तो समुद्रावर खरोखर शोभतो. सॅटिनची कॉलर, पांढरा शर्ट, काळा बो टाय, चकचकीत काळे बूट. यात निवड करायला फारसं काही नसतं, म्हणून चुकायलाही फारशी जागा नसते. दहा पुरुष शेजारी उभे राहिले तरी सगळे चांगले दिसतात आणि सोबतच्या बाईच्या साडीचा किंवा गाऊनचा रंग उठून दिसतो. उष्ण प्रदेशातल्या प्रवासात काळ्या कोटाऐवजी पांढरट डिनर जॅकेट घालण्याचीही जुनी रीत आहे, आणि तेही छान दिसतं.

पण तो सात रात्रींत दोनदाच घालता येतो. त्याचा कोट दुसऱ्या पँटवर चालत नाही, त्याची पँट दुसऱ्या कोटाखाली चालत नाही, त्याचे चकचकीत बूट इतर कशावर शोभत नाहीत. विमानाने बंदरापर्यंत जायचं असेल तर बॅगेच्या वजनातला मोठा वाटा त्या दोन संध्याकाळींना जातो. भाड्याने घ्यायचा विचार असेल तर गळा, छाती, कंबर, बाही आणि पँटची आतली लांबी शिंप्याकडून मापून घ्या. अंदाजाने लिहिलेल्या मापाचा कोट आला तर समुद्रात तो उसवून शिवून द्यायला कुणी नसतं. खांद्यावरून घसरणाऱ्या टक्सिडोपेक्षा बेताचा पण मापाचा सूट शंभर पटीने बरा.

म्हणून टक्सिडो कुणी न्यावा? ज्याच्याकडे तो आधीपासून आहे त्याने, क्युनार्डने जाणाऱ्याने, आणि ज्याला तो घालण्याचा आनंद आहे त्याने. हे तिसरं कारण मला पहिल्या दोन कारणांइतकंच पटतं. वर्षानुवर्षं पैसे साठवून केलेल्या प्रवासात एक रात्र नखशिखान्त नटावंसं वाटलं तर जरूर नटावं. साध्या जहाजावर आपण एकटेच टक्सिडोत दिसू ही धास्ती सोडून द्या. फॉर्मल नाइटला तसे आणखी काही जण भेटतातच.

आता सूट. क्युनार्डच्या गाला इव्हनिंगलाही गडद सूट आणि टाय चालतो, म्हणजे सर्वांत कडक जहाजावरही तो पुरतो. मधल्या फळीवर तो पुरून उरतो. पण त्याची खरी किंमत कळते ती इतर रात्री. त्याच सूटचा कोट सुटा करून करड्या किंवा फिक्या तपकिरी पँटवर घातला की स्मार्ट कॅज्युअल झालं. सूटची पँट नुसत्या शर्टावर घातली की तिसरी संध्याकाळ निघाली.

ही सोय प्रत्येक सूट देत नाही, आणि विकत घेताना लोक नेमके इथे फसतात. गुळगुळीत, चमकदार कापडाचा किंवा बारीक रेघांचा कोट सुटा घातला की पँट हरवल्यासारखी दिसते. कोट ब्लेझर म्हणून चालवायचा असेल तर कापडाला हाताला लागेल असा थोडा पोत हवा, रंग एकसलग हवा आणि बटणं कापडाहून किंचित वेगळी, गडद तपकिरी असली तर उत्तम. होपसॅक, म्हणजे चटईसारख्या विणीचं लोकरी कापड या कामाला फार चांगलं. जास्त पिळाच्या धाग्याचं लोकरी कापडही तसंच. ते कमी चुरगळतं, हवा खेळती ठेवतं आणि रात्रभर हँगरवर टांगलं की बहुतेक चुण्या आपोआप उतरतात. वजन मीटरला २५० ते २८० ग्रॅमच्या आसपास असावं. त्याहून बरंच हलकं कापड बॅगेतून निघतं ते सुरकुत्या घेऊनच. लिनन दिवसा डेकवर सुंदर दिसतं, पण डिनरच्या खुर्चीत तासभर बसून उठलं की त्याची रया जाते.

रंग निळाच का? काळा सूट सॅटिनशिवाय टक्सिडोच्या शेजारी अर्धवट दिसतो, आणि त्याचा कोट सुटा घालणं अवघड. गडद करडा चांगला आहे, पण ब्लेझर म्हणून निळ्याइतका सहज चालत नाही. दिव्यांच्या प्रकाशात गडद निळा पुरेसा गंभीर दिसतो आणि दुपारच्या उन्हात सुतकी वाटत नाही.

आणखी एक सल्ला, जो दुकानात कुणी देत नाही: पँटच्या कमरेत थोडी सैल जागा ठेवा. क्रूझवर तीन वेळा भरपेट जेवण असतं, मधलं चरणं वेगळं. पहिल्या रात्री बरोबर बसलेली पँट शेवटच्या गाला इव्हनिंगला श्वास अडवते. कमरेला बाजूने घट्ट-सैल करायच्या पट्ट्या असलेली पँट मिळाली तर तीच घ्या.

ब्लेझर की नुसता शर्ट

मोकळ्या जहाजांवर जाणाऱ्याला सूट लागत नाही. एक निळा ब्लेझर, दोन चांगल्या पँट आणि चार-पाच कॉलरचे शर्ट एवढ्यात आठवडा उत्तम निघतो. मधल्या फळीच्या जहाजावरही टाय जवळ ठेवला तर ब्लेझर फॉर्मल नाइटला निभावून नेतो. सूटच्या तुलनेत त्याचा तोटा एकच: तो फॉर्मल नाइटला 'चालतो', 'शोभतो' असं म्हणता येत नाही. फोटोत सोबतची बाई पायघोळ गाऊनमध्ये आणि आपण फिक्या चिनोजवर, म्हणजे सुती साध्या पँटवर, ब्लेझरमध्ये असलो तर जोडी विजोड दिसते. हे टाळायचं असेल तर त्या रात्रीपुरती गडद करडी लोकरी पँट न्या.

ब्लेझरच्या बाजूचा मोठा मुद्दा हवामानाचा. जहाजांच्या डायनिंग रूममध्ये एसी बऱ्यापैकी जोरात असतो. कॅरिबियनमध्ये बाहेर घाम येत असला तरी आत दीड-दोन तास बसलं की नुसत्या शर्टात गारठायला होतं. म्हणून कोट न आवडणाऱ्यालाही मी एक ब्लेझर न्यायला सांगेन. तो पातळ अस्तराचा किंवा बिनअस्तराचा घ्या, म्हणजे डेकवर गेलं की त्रास होत नाही.

नुसत्या शर्ट-पँटविषयी फार लिहिण्यासारखं नाही. साध्या रात्री ते सगळीकडे चालतं, अट इतकीच की शर्टाला कॉलर हवी आणि पँट पूर्ण लांबीची. हाफ पँट, बिनबाह्यांचे बनियन, टोप्या, रबरी चपला आणि पोहण्याचे कपडे मुख्य डायनिंग रूममध्ये डिनरला घालूच नयेत. काही कंपन्या हाफ पँटला काही ठिकाणी परवानगी देतात, पण त्या भरवशावर बॅग भरू नका.

कुटुंबातल्या कुणाला कोट, टाय, बूट यातलं काहीच सोसत नसेल, वयामुळे म्हणा किंवा तब्येतीमुळे, तर त्याच्यासाठी नॉर्वेजियनसारखं जहाज निवडणं हेच योग्य उत्तर. नियमांचं जहाज घ्यायचं आणि मग रोज संध्याकाळी दारात हुज्जत घालायची, यात त्याचाही आनंद जातो आणि दारावरच्या कर्मचाऱ्याचाही. तो कर्मचारी नियम बनवत नाही.

बूट, इस्त्री आणि बॅग

सूट किंवा ब्लेझर नेणाऱ्याला एकच चामडी बुटांचा जोड पुरतो. फॉर्मल नाइट असेल तर काळा, नसेल तर गडद तपकिरी. तळ रबरी असावा, कारण जेवणानंतर लोक डेकवर फिरायला जातात आणि ओल्या डेकवर, जहाज हलत असताना, चामडी तळ घसरतो.

केबिनमध्ये इस्त्री नेता येत नाही. आगीच्या धोक्यामुळे जवळपास सगळ्या कंपन्या इस्त्री आणि कपड्यांचे स्टीमर जप्त करतात. क्युनार्ड आणि प्रिन्सेसच्या बहुतेक जहाजांवर प्रवाशांनी स्वतः वापरायची लॉन्ड्री असते आणि तिथे इस्त्री मिळते, बाकी बऱ्याच ठिकाणी पैसे देऊन इस्त्री करून घ्यावी लागते. म्हणून नॉन-आयर्न सुती शर्ट घ्या. कोट बॅगेतून काढल्या काढल्या टांगा, आणि आंघोळीच्या वेळी बाथरूममध्ये लटकवून ठेवा. वाफेने चुण्या बऱ्याच सैल होतात.

पहिल्या रात्रीची एक अडचण हमखास येते. बंदरावर दिलेली मोठी बॅग केबिनच्या दारात यायला संध्याकाळ होऊ शकते, कधी डिनरनंतरही येते. म्हणून पहिल्या रात्रीचा शर्ट आणि पँट हातातल्या बॅगेत ठेवा. जुन्या प्रवासी जहाजांवर पहिल्या आणि शेवटच्या रात्री डिनरला न नटण्याची पद्धत होती. पहिल्या रात्री ट्रंका उघडलेल्या नसत, शेवटच्या रात्री बांधून झालेल्या असत. आजही फॉर्मल नाइट बहुधा पूर्ण दिवस समुद्रात असतानाच ठेवतात, बंदरांच्या धावपळीच्या दिवशी सहसा नाही. नेमकी कोणती रात्र ते बहुतेक कंपन्या आधी कळवतात आणि जहाजावर रोजच्या कार्यक्रमपत्रिकेत छापतात.

शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा केबिनबाहेर पॅसेजमध्ये ठेवायच्या असतात. सूट त्याआधीच घडी करून आत गेलेला बरा. त्या डिनरला साधा शर्ट, पँट आणि तोच बुटांचा जोड ठेवा, आणि सकाळी उतरताना घालायचे कपडे बॅग बाहेर ठेवण्यापूर्वी बाजूला काढा.