चिखलदऱ्याचा होमस्टे: रूमपेक्षा इथला गाइड महत्त्वाचा

एप्रिलमध्ये नागपुरात दुपारी घराबाहेर पाय टाकवत नाही, मग सगळे ताडोबा नाहीतर पेंचच्या सफारीमागे लागतात. आम्ही या वेळी मेळघाट केलं, अमरावती-परतवाडा मार्गे, आणि चिखलदऱ्याच्या या होमस्टेत उतरलो. रूम साधी, स्वच्छ. ज्वारीची भाकर, झुणका एकदम गरम. बस, खरं लिहायचंय ते यांच्या गाइडबद्दल.

पोरगा कोरकू आदिवासी, याच जंगलात वाढलेला. मोहाची फुलं पडली की अस्वल येतं, म्हणून प्रत्येक मोहाखाली आधी स्वतः बघून येतो मग आपल्याला बोलावतो. साग या दिवसांत पार उघडाबोडका, त्यामुळे पावसाळ्यात नुसता आवाज ऐकू येणारे पक्षी आता फांदीवर सरळ दिसतात, भृंगराज तर लांब शेपटाच्या दोन तारा फरफटवत डोक्यावरून गेला.

आणि रानपिंगळा, ते दुर्मीळ छोटं घुबड! सेमाडोहकडच्या सागात, लख्ख उन्हात, पायात सरडा धरून बसलेला, शेपटी डावीउजवीकडे झटकत होता. मला तो साधा जंगली पिंगळाच वाटला असता पण गाइडनं दाखवलं, याच्या डोक्यावर ठिपके अगदी पुसट आणि पोट खालून पांढरंशुभ्र, त्या दुसऱ्याच्या अंगभर पट्टे असतात. १८८४ नंतर रानपिंगळा कुणाला दिसलाच नव्हता, संपला असं धरून चालले होते, थेट १९९७ मध्ये नंदुरबारकडे शहाद्याजवळ सापडला. हे माहीत असून समोर बघताना अंगावर काटा आला हो.

आमच्यातल्या एकानं मोबाइलवर रानपिंगळ्याचा आवाज वाजवायला काढला तर गाइडनं सरळ मोबाइल खाली ठेवायला लावला. दुसरा नर आला समजून तो पिल्लं सोडून भांडायला धावतो म्हणे. पाहुण्याला असं तोंडावर सांगणारा गाइड मी तरी पहिल्यांदा बघितला, आणि माझ्यासाठी पूर्ण पाच स्टार याच गोष्टीचे.

तक्रार एकच, ग्रुप फार मोठा घेतात, मागच्यांना काही दिसत नाही आणि कुजबुजीनं पक्षी उडतात, चारच्या वर माणसं घेऊच नयेत. दुर्बीण सगळ्यांत मिळून एकच असते, तेव्हा आपली न्या. गाइडही एकच आहे, शनिवार-रविवारसाठी फोनवर आधी पक्कं करा. नवरंग पक्षी बघायचा असेल तर मात्र मे संपताना विचारा, तो पावसाच्या तोंडावर येतो.