बिल्ट-इन इलेक्ट्रिक ओव्हन, दीड वर्षाचा अनुभव (आणि रिलेची भानगड)

६५ लिटरचा ओव्हन आहे, डिजिटल डिस्प्लेवाला, मागे फॅनभोवती २००० वॅटचं गोल एलिमेंट आणि वर ग्रिल. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये. पहिलं वर्ष एकदम झकास गेलं हे आधी सांगते, नाहीतर नुसतं रडगाणं वाटेल. नानकटाई ट्रेच्या चारही कोपऱ्यांत सारखी भाजते, ब्रेड मस्त फुगतो, आतली काच निघते त्यामुळे पुसायला सोपी. १६ अँपिअरचा पॉइंट मात्र लागतोच, मिक्सरच्या प्लगवर हे चालणार नाही.

मग पावसाळ्यात नाटकं सुरू झाली. १८० चं प्रीहीट जे पंधरा मिनिटांत व्हायचं ते पाऊण तास झाला तरी होईना, दुसऱ्या दिवशी परत नीट, आणि ऐन ऑर्डरच्या केकला मधे खड्डा. फॅन फिरतोय, लाईट लागतेय, ग्रिल लालबुंद होतंय, फक्त मागचं एलिमेंट मनात आलं तर तापणार. सर्व्हिसवाला आला, पाच मिनिटं बटणं दाबली आणि म्हणाला मॅडम पूर्ण बोर्ड बदलावा लागेल, साडेसात हजार. उघडून तर बघा म्हटलं तर म्हणे आम्हाला रिपेरिंग अलाऊड नाही, फक्त रिप्लेसमेंट. वॉरंटी संपलेली होतीच, आणि माझा इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झालाय, म्हणून स्वतःच हात घातला.

आता तुमच्याकडे असं झालं तर आधी कान द्या. हीट मागितली की बोर्डवरून टक् असा आवाज येतो, तो रिलेचा. (रिले म्हणजे विजेवर चालणारा स्विच: आतल्या कॉइलला वीज मिळाली की ती काँटॅक्ट ओढून जोडते आणि एलिमेंट चालू होतं.) आवाजच नसेल तर दोष रिलेची कॉइल, तिला चालवणारा ट्रान्झिस्टर किंवा टेंपरेचर सेन्सरकडे असू शकतो. (पुष्कळ ओव्हनमधे पीटी१००० सेन्सर असतो, तो आपल्या हवेत ११०० ओहमच्या आसपास दाखवतो.) माझ्याकडे टक् व्यवस्थित येत होता. मग एमसीबी पाडून एलिमेंट मोजलं, २६-२७ ओहम, म्हणजे २३० व्होल्टला २००० वॅट बरोबर बसतं. बॉडीशी लीकेज नाही, थर्मल कटआउटलाही (जास्त तापलं तर वीज तोडणारा भाग) कंटिन्युटी, म्हणजे तो तुटलेला नाही. एलिमेंटच्या एका वायरभोवती क्लॅम्प मीटर (वायर न तोडता करंट मोजणारा) अडकवून, सगळं बंदिस्त करून चालू केलं. साडेआठ-पावणेनऊ अँपिअर दिसायला हवेत, तर टक् झाल्यावर कधी आठ, कधी थेट शून्य. म्हणजे कॉइल ओढतेय, पण आतले काँटॅक्ट नीट टेकत नाहीयेत.

बोर्ड काढला तर रिलेच्या एका पिनभोवती सोल्डरला बारीक गोल तडा आणि आजूबाजूचा बोर्ड तपकिरी झालेला. रिलेचं प्लॅस्टिक कापलं. आतला काँटॅक्ट काळा, खड्डे पडलेला. बॉडीवर छापलंय १० अँपिअर! पावणेनऊचा लोड १० च्या रिलेवर, तोही ओव्हनच्या डोक्यावर गरम हवेत बसवलेला. कागदावर बसतं हो, पण काँटॅक्टचा रेझिस्टन्स अर्धा ओहम जरी झाला तरी ३५-४० वॅट उष्णता तिथेच, साखरेच्या क्यूबएवढ्या डबीत. मग सोल्डर टिकेल कसं? या साइझच्या रिलेंचं पूर्ण लोडवरचं आयुष्य साधारण १ लाख वेळा चालू-बंद असं देतात, माझ्या दीड वर्षाच्या वापरात तेवढं होणं शक्यच नाही.

मुंबईत इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, लॅमिंग्टन रोडला गेले, ग्रँट रोड स्टेशनवरून चालत. दुकानदार म्हणाला, मॅडम सॅम्पल दिखाओ, आणि कापलेला रिले बघून हसला. १२ व्होल्ट कॉइल, १६ अँपिअर, पिना त्याच जागी बसणारा मिळाला, शंभराच्या आत. कॉइलचा व्होल्टेज सेम हवाच, पिना घरूनच मोजून न्या. जुना काढून नवा लावला, सोल्डर भरपूर दिलं, बोर्डवरच्या तांब्याच्या पट्टीवर (ट्रॅकवर) जाड तांब्याची तारही टाकली.

एक इशारा, आणि हा गंभीरपणे घ्या. कित्येक बोर्डांना ट्रान्सफॉर्मरच नसतो, त्यामुळे १२ व्होल्टची बाजूसुद्धा लाईनला जोडलेली असते, हात लावलात तर झटका २३० चाच. कव्हर काढून चालू बोर्डला मीटर लावायचं काम सवय असलेल्यानेच करावं. आणि उलटा प्रकार झाला, म्हणजे काँटॅक्ट चिकटून ओव्हन बंद केला तरी तापतच राहिला, तर रिलेबिले बघत बसू नका, आधी एमसीबी पाडा.

त्यानंतर गणपती, दिवाळी, नाताळचे केक सगळं होऊन गेलं. प्रीहीट परत पंधरा मिनिटांवर, मधूनमधून क्लॅम्प लावते तर रीडिंग ढिम्म हलत नाही. ग्रिलचा रिले कंपनीचाच आहे, पण ग्रिल मी कमी वापरते.

घ्यावा का? बेकिंग वारंवार करत असाल तर भाजण्यात तक्रार नाही. वॉरंटी वाढवून मिळत असेल तर त्यात बोर्ड येतो का हे लेखी विचारा, माझ्या बिलावर नुसतं 'एलिमेंट' लिहिलेलं. ओव्हनला चार स्टार, सर्व्हिसला एक, तोही तो माणूस बोलायला नम्र होता म्हणून.