झोटेरो: आठ महिने वापरल्यावर

निबंधांचे संदर्भ साठवून संदर्भसूची बनवायला आधी पैसे मोजून घेतलेल्या ॲपने वर्ष संपताच न विचारता पुढच्या वर्षाचे पैसे कापले. चार मेल केले, चारही वेळा तेच ठरावीक उत्तर. त्या संतापात त्याच कामाचं झोटेरो घेतलं. मोफत, मुक्त स्रोत, 2006 पासून चालू. मला एवढं पुरे होतं.

डीओआय (लेखाचा कायमचा ओळख क्रमांक) टाकला की लेखक, वर्ष आपोआप भरतं, हे सगळ्यांना माहीत आहे. मला लिहायचंय ते शीर्षकांबद्दल. काही नियतकालिकांच्या साइटवरून नोंद घेतली की अख्खं शीर्षक कॅपिटलमध्ये येतं. एपीए या संदर्भ देण्याच्या शैलीत, सूचीतल्या लेखाच्या शीर्षकाचा पहिला शब्द, कोलननंतरचा शब्द आणि विशेषनामं एवढ्यांचंच पहिलं अक्षर मोठं हवं. पहिल्या निबंधात माझे एकोणीसपैकी अकरा संदर्भ यातच चुकले. आपल्या लिपीत लहान-मोठं अक्षर नाहीच, त्यामुळे चूक डोळ्याला खुपत नाही. नोंद घेतल्या घेतल्या शीर्षकावर राइट क्लिक करून 'सेंटेन्स केस' निवडा, मग विशेषनामं हाताने नीट करा. पुढे एमएलए ही दुसरी शैली लागली तर त्या साध्या शीर्षकातली अक्षरं झोटेरो स्वतः मोठी करतं. उलट मात्र करत नाही. रोमन लिपीत नोंदवलेल्या मराठी पुस्तकाच्या भाषेच्या रकान्यात मराठीचा कोड घाला, म्हणजे त्याच्या नावाला झोटेरो हात लावत नाही.

तिसऱ्या महिन्यापर्यंत माझं मत होतं: संदर्भांसाठी उत्तम, लेखनाशी काही संबंध नाही. ते बदललं.

दुसऱ्या निबंधात संदर्भ बिनचूक, तरी गुण तेवढेच. शेरा होता: 'यात तुझं म्हणणं कुठे आहे?' दोन दिवस राग गेला नाही. मग निबंध परत वाचला. प्रत्येक परिच्छेद 'अमुक म्हणतात'ने सुरू आणि 'तमुकांच्या मते'ने संपलेला. 2022 मधल्या सहाव्या आवृत्तीपासून झोटेरोतच पीडीएफ वाचता येते. मी त्यात ओळीच्या ओळी पिवळ्या करायचे, त्या सगळ्या पान क्रमांकासह एका नोटमध्ये काढायचे आणि ती नोट निबंधात ओतायचे.

आता प्रत्येक रंगवलेल्या ओळीखालच्या टिप्पणीत माझं एक वाक्य लिहिते: पटलं की नाही, आणि का. लिहायला काही सुचलं नाही तर रंग पुसते. न पटलेलं लाल. साक्षरतेवरच्या निबंधासाठी चाळीस ओळी रंगवल्या होत्या, नऊ उरल्या. त्यात दोन लाल टिप्पण्या शेजारी आल्या: एका लेखात सही करता येणारा साक्षर, दुसऱ्यात वाचलेलं समजणारा. दोघांचे आकडे मी आदल्या मसुद्यात एकाच वाक्यात ठेवले होते! मग तोच निबंधाचा मुद्दा झाला. आराखडा मी आता टिप्पण्यांवरून करते, अवतरणं नंतर बसवते.

झोटेरोच्या ऑनलाइन जागेसाठी पैसे भरू नका. मोफत 300 एमबी फक्त फायलींना लागते, नोंदी त्यात मोजत नाहीत. मी फायलींचं सिंक बंद केलंय. झोटेरो बंद करून दर आठवड्याला अख्खा डेटा फोल्डर पेन ड्राइव्हवर घेते. तो फोल्डर क्लाउडच्या सिंक होणाऱ्या फोल्डरात मात्र ठेवू नका, डेटाबेस बिघडू शकतो.

साक्षरतेचा निबंध गेल्या आठवड्यात परत मिळाला. गुण वाढलेत. संदर्भसूचीत एकच लाल खूण आहे: 'सेंटेन्स केस' केल्यावर एका देशाच्या नावाचं पहिलं अक्षर मोठं करायचं राहून गेलं होतं.