डबल बॉईल्ड जवस तेल : ओसरीतल्या दाराला चांगलं, उघड्या फाटकाला अपुरं

रंगाच्या दुकानात मिळणारं डबल बॉईल्ड जवस तेल ओसरीतल्या सागाच्या दार-खिडक्यांना उत्तम. उघड्यावरच्या फाटकाला मात्र ते नुसतं लावू नका. हे तेल पाण्याला बऱ्यापैकी रोखतं, उन्हाला नाही. आणि आपल्याकडचं ऊन लाकडाचा वरचा थर जाळतं, पाऊस तो धुऊन नेतो, मग सागवान करडं पडतं. फाटकासाठी तेलात रेड ऑक्साइड पावडर घोटून लावा. लाल रंग चालत असेल तर इतका स्वस्त आणि टिकाऊ इलाज दुसरा नाही.

घाणीवरचं कच्चं तेल जेवणात ठेवा. लाकडावर ते वाळायला आठवडा सहज लागतो आणि तोवर धूळ बसते. बॉईल्ड तेलात लवकर वाळण्यासाठी धातूंचे क्षार असतात, म्हणून ते चुकूनही खाण्यात जाऊ देऊ नका. डबा फोडल्यावर काचेवर बोटानं पातळ थर देऊन सावलीत ठेवा. तिसऱ्या दिवशीही चिकटच असेल, तर ते तेल दाराला लावू नका.

बिघडतं ते बहुतेक वेळा जाड हातामुळे. हे तेल उडून जात नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. थर जाड असला की वरून साय धरते, सुरकुत्या पडतात, आत ओलंच राहतं. तापलेल्या दारावर भर दुपारी लावलं तरी हेच होतं.

जुना रंग पूर्ण काढा, १२० नंबरचा पॉलिश पेपर मारा. पहिल्या हाताला तेल आणि टर्पेंटाइन समसमान. १५-२० मिनिटांनी सुती फडक्यानं पुसा, अगदी कोरडं वाटेपर्यंत. पुढचे दोन हात निव्वळ तेलाचे, मध्ये निदान २४ तास. ७ बाय ३ फुटी दाराच्या एका बाजूला तिन्ही हात मिळून पाव लिटर तेल पुरतं. दाराची खालची कड आणि चौकटीचे पाय यांना मात्र पिईल तेवढं पाजा. कापलेल्या तोंडातून लाकूड सगळ्यात जास्त पाणी ओढतं.

तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप पेटू शकतात. पाण्यात भिजवा किंवा एकेक पसरून वाळू द्या. गोठ्यात कडब्याजवळ तर नकोच.

काम एप्रिल-मेमध्ये सकाळी उरका. दिवाळीनंतर दारावर पाणी शिंपडून बघा : थेंब गोळा होऊन ओघळले तर ठीक, लाकूड काळपट पडलं तर आणखी एक पातळ हात. पश्चिमेच्या बाजूचं तेल आधी झिजतं.

उधईवर (वाळवीवर) याचा उपयोग नाही. तिचं औषध तेल लावण्याआधी कोऱ्या लाकडात मुरवावं लागतं, वरून लावलं तर आत जात नाही.