आताची एलएफपी, की उद्याची सॉलिड-स्टेट? गोव्यात विजेची गाडी घेणाऱ्यासाठी

डिचोलीचा माझा मावसभाऊ दोन वर्षे एकाच प्रश्नावर अडला आहे. पेट्रोलची जुनी गाडी काढायची आणि विजेवरची घ्यायची, एवढे नक्की. पण दर महिन्याला काहीतरी नवे कानावर येते. हजार किलोमीटर धावणारी बॅटरी, पाच मिनिटांत भरणारी बॅटरी, मिठातल्या सोडियमची बॅटरी. मग तो विचारतो, "दादा, आज घेतली आणि उद्या जुनी झाली तर?" मी तीन पावसाळे फोंडा-पणजी विजेच्या गाडीने ये-जा करतो आहे. त्याला जे सांगितले तेच इथे मांडतो.

आज शोरूममधून मिळणाऱ्या गाड्यांत मुख्यतः दोन प्रकारच्या बॅटऱ्या असतात. लिथियम आयर्न फॉस्फेट म्हणजे एलएफपी, आणि निकेल-मँगनीज-कोबाल्ट म्हणजे एनएमसी. टाटा नेक्सॉन, एमजी विंडसर, महिंद्राची बीई ६ यांत एलएफपी आहे. कियाच्या ईव्ही ६ सारख्या महाग गाडीत एनएमसी. एलएफपीचा एक किलो सेल साधारण १६० वॅट-तास वीज साठवतो, एनएमसीचा २५० च्या आसपास. म्हणजे ४५ युनिटच्या (४५ हजार वॅट-तासांच्या) बॅटरीसाठी एलएफपीचे सेल २८० किलोंचे होतात, एनएमसीचे १८०. हे शंभर किलो चारचाकीत फारसे जाणवत नाहीत, स्कूटरमध्ये मात्र प्रत्येक किलो मोजावा लागतो. म्हणून दुचाक्यांत एनएमसी बराच वापरतात.

वजनाच्या बदल्यात एलएफपी काय देते? पहिली गोष्ट सुरक्षितता. फॉस्फरस आणि ऑक्सिजन यांचा बंध इतका घट्ट असतो, की सेल तापला तरी ऑक्सिजन सहज सुटत नाही. एनएमसी साधारण २०० अंशांच्या पुढे ऑक्सिजन सोडू लागते आणि आगीला आतूनच खाद्य मिळते. एलएफपी अजिबात पेटत नाही असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका, तिच्यातूनही ज्वलनशील वायू निघतात. पण तिला पेटवणे अवघड असते. दुसरी गोष्ट आयुष्य. दोन-तीन हजार वेळा पूर्ण भरून-रिकामी करूनही ती बरीच क्षमता टिकवते.

आता हे गोव्याच्या रस्त्यावर मोजू. नव्या झुआरी पुलावरून जा किंवा जुन्या वाटेने, पत्रादेवीपासून पोळ्यापर्यंतचा सगळा राष्ट्रीय महामार्ग दीडशे किलोमीटरच्या आत संपतो. माझे रोजचे येणे-जाणे साठ किलोमीटर, वर्षाचे अठरा हजार. एका चार्जमध्ये तीनशे किलोमीटर मिळतात असे धरले, तर वर्षाला साठच पूर्ण चार्ज होतात. दोन हजार चार्ज संपायला तीस वर्षे लागतील. म्हणजे गोव्यात बॅटरी धावून म्हातारी होणार नाही. होईल ती उन्हाने आणि वयाने. एप्रिल-मे महिन्यांत उघड्यावर शंभर टक्के भरलेली गाडी आठवडाभर उभी ठेवणे हेच तिचे खरे नुकसान. मोपा विमानतळावर गाडी लावून बाहेरगावी जायचे असेल तर ती निम्म्यावर ठेवून जा. एनएमसी असेल तर रोज ऐंशी टक्क्यांवर थांबा. एलएफपीला बहुतेक कंपन्या आठवड्यातून एकदा शंभर टक्के भरायला सांगतात. त्याचे कारण असे, की तिचा व्होल्टेज बराच वेळ एकाच पातळीवर राहतो आणि गाडीच्या मीटरला नेमके किती उरले ते ओळखता येत नाही.

एलएफपीची मोठी दुबळी बाजू म्हणजे थंडी. शून्याखाली ती आळसावते, चार्जही हळू घेते. गोव्यात पारा पंधराच्या खाली जाणेच दुर्मीळ, म्हणून ही तक्रार आपल्यापर्यंत येत नाही. नेमक्या याच कारणाने सोडियम-आयन बॅटरीचा थंडीतही नीट चालण्याचा मोठा गुण आपल्या फारसा कामाचा नाही.

सोडियमची कल्पना मला मनापासून आवडते. आगरवाड्याच्या मिठागरांजवळून जाताना दरवेळी ती आठवते, कारण तिचा कच्चा माल शेवटी साध्या मिठातूनच येतो. लिथियम नको, कोबाल्ट नको, आणि एका बाजूला तांब्याच्या पत्र्याऐवजी ॲल्युमिनियम चालते. चीनच्या सीएटीएल कंपनीने २०२१ मध्ये पहिली पिढी दाखवली तेव्हा किलोला १६० वॅट-तास होते, २०२५ मध्ये १७५ पर्यंत पोचली. चीनमध्ये जानेवारी २०२४ पासून सोडियमची छोटी गाडी ग्राहकांच्या हातात गेली. आपल्या शेजारी पुण्यात केपीआयटी कंपनीने आयसर या विज्ञान संस्थेसोबत विकसित केलेले तंत्र डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर केले. म्हणजे ही गोष्ट नुसती कागदावर नाही. पण २०२२ च्या शेवटापासून लिथियमचे भाव कोसळले आणि स्वस्ताईचा मुद्दा बोथट झाला. थंड प्रदेशात सोडियम आधी येईल. आपल्याकडे तिचा पहिला उपयोग घरच्या इन्व्हर्टरला आणि छोट्या स्कूटरला होईल असे मला वाटते. चारचाकीसाठी तिची वाट पाहू नका.

सॉलिड-स्टेटचे आकर्षण त्याहून मोठे. आजच्या सेलमध्ये द्रव असतो. तिथे घन पदार्थ वापरला, तर शुद्ध लिथियमचा पत्रा लावता येतो आणि तेवढ्याच वजनात कितीतरी जास्त वीज मावते. २०२५ मध्ये मर्सिडीजने अशी बॅटरी घातलेली गाडी एका चार्जवर १,२०५ किलोमीटर चालवून दाखवली. टोयोटाने २०२७-२८ हे वर्ष धरले आहे. अडचणी मात्र खऱ्या आहेत. लिथियमचे सुईसारखे कोंब घन थरातूनही वाट काढतात आणि सेल आतून शॉर्ट होतो. घन पदार्थ सल्फाइडचा असेल तर सेल बनताना त्याला हवेतला ओलावा सोसत नाही, विषारी वायू निघतो, म्हणून कारखान्यात हवा अगदी कोरडी ठेवावी लागते आणि खर्च चढतो. त्यामुळे ती आधी कोटीभराच्या गाड्यांत येईल. पंधरा-वीस लाखांच्या गाडीपर्यंत यायला पुढची सात-आठ वर्षे तरी जातील, असा माझा अंदाज. आणि आली तरी फोंड्याहून पणजीला जाणाऱ्याला हजार किलोमीटर कशाला लागतात?

लागतात ते पुण्याला जाणाऱ्याला. साडेचारशे किलोमीटर, मध्ये घाट. पण घाटाची भीती अवाजवी आहे. चोर्ला घाटाचा माथा समुद्रसपाटीपासून ८०० मीटरच्या आसपास. सतराशे किलोंची गाडी तेवढी वर चढवायला नुसत्या चढापोटी पावणेचार युनिट लागतात, आणि उतरताना त्यातले काही परत बॅटरीत जाते. एकच काळजी घ्या: उतार सुरू होण्याच्या अगदी आधी शंभर टक्के भरू नका, नाहीतर उतारावरची वीज साठवायला जागाच उरत नाही आणि सगळा भार ब्रेकवर येतो.

आता थांबण्याची किंमत. वर्षाला पंधरा हजार किलोमीटर, लिटरला पंधरा किलोमीटर, पेट्रोल ९५ रुपये धरले तर ९५,००० रुपये होतात. विजेच्या गाडीला युनिटमागे साडेसहा किलोमीटर आणि युनिट सहा रुपये धरले तर साधारण १४,०००. तीन वर्षे थांबलात तर जवळपास अडीच लाख जास्तीचे पंपावर गेले. जुनी विकताना भाव कमी येईल ही भीती खरी आहे, विशेषतः नवी बॅटरी आली तर. म्हणून आठ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटरची बॅटरी-वॉरंटी दुसऱ्या मालकाकडेही जाते का, हे लेखी विचारा.

स्कूटर घेणाऱ्याने वेगळे पाहावे. २०२२ मध्ये विजेच्या स्कूटरना लागलेल्या आगींनंतर एआयएस-१५६ हे बॅटरीच्या सुरक्षेचे नियम कडक झाले. त्यात बॅटरी पाण्यात बुडवून तपासणेही आले. आपल्या पावसात हे महत्त्वाचे. वापरलेली स्कूटर घेत असाल तर एप्रिल २०२३ नंतर बनलेलीच घ्या.

भावाला मी एलएफपीची गाडी आताच घे म्हटले. त्याच्या अंगणात गाडी उभी राहते, भिंतीवर १५ अँपिअरचा सॉकेट आहे, रात्रभरात दीडशे किलोमीटरची वीज भरते. फक्त जुन्या घराचे अर्थिंग आधी इलेक्ट्रिशियनकडून तपासून घे, असे बजावले.

वास्कोतल्या माझ्या मित्राला मात्र थांब म्हटले. त्याचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, पार्किंग रस्त्यावर. तो पूर्णपणे सार्वजनिक फास्ट चार्जरवर अवलंबून राहील, आणि गेल्या जुलैत वीज गेल्यामुळे तसल्या एका चार्जरसमोर मी दीड तास काढला आहे. बीवायडीने २०२५ मध्ये पाच मिनिटांत चारशे किलोमीटरचे चार्जिंग दाखवले, पण त्याला एक मेगावॅटचा चार्जर लागतो. ते खरोखर त्याच्यासारख्यांच्या कामाचे आहे, आणि तसा चार्जर त्याच्या रस्त्यावर येईपर्यंत त्याने सोसायटीच्या बैठकीत एका मीटरची आणि एका सॉकेटची मागणी लावून धरावी.