दोन डब्यांची पद्धत: गोकुळ शिरगावच्या मशीन शॉपमधला अकरा महिन्यांचा अनुभव

आमचं मशीन शॉप कोल्हापूरजवळ गोकुळ शिरगावला आहे. शिरोलीच्या फाउंड्रीतून कास्टिंग, म्हणजे धातू ओतून केलेले भाग, येतं, आम्ही मशीनिंग करून पुण्याला पाठवतो. खरेदी आणि स्टोअर मी बघते. पूर्वी महिन्याला एकदा रजिस्टर बघून यादी काढायचो. तरी रात्रपाळीला इन्सर्ट (धातू कापणारी, बदलता येणारी छोटी पाती) संपायचे, मशीन उभं राहायचं आणि सकाळी उद्यमनगरातल्या दुकानदारांना फोनाफोनी सुरू. गेल्या सप्टेंबरात दोन डब्यांची पद्धत लावली, त्याचा हा अनुभव.

पद्धत सोपी आहे. प्रत्येक वस्तूचे दोन डबे. पहिला संपला की त्याचं कार्ड खरेदीच्या फळीवर लावायचं आणि दुसरा उघडायचा. नवा माल येईपर्यंत दुसरा डबा पुरला पाहिजे. टोयोटा कंपनीत ताइची ओनो यांनी रुजवलेल्या कानबान या कार्डांच्या पद्धतीमागचा विचार हाच, जेवढं वापरलं तेवढंच मागवायचं.

दुसऱ्या डब्यात किती ठेवायचं, यावर सगळं अवलंबून. आमच्याकडे डब्ल्यूएनएमजी प्रकारचे इन्सर्ट दिवसाला ४ लागतात. माल यायला ५ दिवस, म्हणजे २०. वर अडीअडचणीला १०. एका पाकिटात १० येतात, म्हणून तीन पाकिटं.

पहिल्या दोन महिन्यांत तरीही तीनदा मशीन थांबलं. रात्रपाळीची पोरं दुसरा डबा उघडायची आणि कार्ड तिथंच राहायचं. स्टोअरमधले काका म्हणायचे, "वहिनी, डब्यात माल दिसतोय न्हवं, मग आत्ताच कशाला मागवायचं?" त्यांचं चुकत नव्हतं, मीच नीट समजावलं नव्हतं. मग दुसऱ्या डब्यातला माल कापडी पिशवीत घालून तोंड बांधलं आणि कार्ड त्या गाठीलाच अडकवलं. गाठ सोडायची तर कार्ड हातात येतंच. त्यानंतर कार्ड राहून जाणं जवळपास थांबलं.

सगळ्यात जास्त उपयोग झाला तो कार्डाच्या मागच्या बाजूचा. तिथं चार तारखा लिहायला लावल्या: डबा संपला, ऑर्डर गेली, माल निघाला, माल आला. दिवाळीनंतर सगळी कार्डं टेबलावर पसरून बसले तेव्हा कळलं, पाच दिवसांतले दोन आमच्याच ऑफिसात जात होते. दर विचारणे, सहीसाठी थांबणे. ज्या दुकानदाराला आम्ही वर्षभर "उशीर करता" म्हणून बोलत होतो, तो माल तिसऱ्या दिवशी पोचवत होता. मला फार वाईट वाटलं. त्यांना फोन करून तसं सांगितलं, सहा महिन्यांचे दर ठरवून घेतले. आता कार्ड फळीवर आलं की त्याच दिवशी चारच्या आत व्हॉट्सॲपवर ऑर्डर जाते. तीन दिवसांचे १२ आणि अडीअडचणीला ८ धरले, तर तीन पाकिटांऐवजी दोन पुरतात.

सॉफ्ट जॉ (मशीनवर भाग पकडणारे मऊ धातूचे जबडे) करून देणाऱ्या छोट्या वर्कशॉपचं दुखणं वेगळं निघालं. ऑर्डर गेली आणि माल निघाला यांत आठ-आठ दिवस. कारण आम्ही बिल तीन महिने ठेवायचो. सरकारकडे उद्यम नोंदणी असलेल्या अशा सूक्ष्म-लघु उत्पादकाला करार असला तरी ४५ दिवसांत पैसे द्यावेत, करार नसेल तर १५ दिवसांत, असं २००६ चा एमएसएमई, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा, कायदा सांगतो. आता मुदत चुकली तर तो खर्च आयकरात पैसे प्रत्यक्ष दिल्यावरच वजा मिळतो. पण कायदा बाजूला ठेवला तरी पैसे अडकलेल्या माणसाकडून वेळेवर मालाची अपेक्षा करणं बरोबर नाही. पैसे वेळेत द्यायला लागलो आणि आठाचे चार दिवस झाले.

कास्टिंगला मात्र ही पद्धत लावू नका. आम्ही लावून बघितली, फसलो. फाउंड्री पॅटर्न (साच्याचा नमुना) लावते ती लॉटनं, पुढं फेटलिंग, शॉट ब्लास्टिंग ही साफसफाई. आणि ब्लोहोल, म्हणजे आतली हवेची पोकळी, मशीनवर घेतल्याशिवाय दिसत नाही, त्यामुळं डब्यात ५० नग दिसले तरी ५० चांगले असतील असं नाही. तिथं दर शनिवारी फोनवर तीन आठवड्यांचं नियोजन आणि रिजेक्शनचा आकडा, एवढंच चालतं. वर्षातून दोनदा लागणाऱ्या खास टॅपलाही (आटे पाडायचं हत्यार) दोन डबे म्हणजे पैसे अडकवणं. भागाचं ड्रॉइंग बदललं तेव्हाही आमची दोन पाकिटं बिनकामी पडून राहिली. नवं ड्रॉइंग आलं की आधी कार्ड तपासा.

पावसाळ्याचा हिशोब कोल्हापुरात वेगळाच करावा लागतो. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ ला शिरोलीजवळ पंचगंगेचं पाणी हायवेवर आलं, निपाणीकडं यमगर्णीला वेदगंगेचं. पुण्याची आणि बेळगावची, दोन्ही वाट बंद. शिरोलीची फाउंड्री इतकी जवळ, पण मध्ये नदी. म्हणून यंदा १ जूनला पुण्याहून येणाऱ्या वस्तूंच्या कार्डांवर पिवळी पट्टी चिकटवली आणि दुसऱ्या डब्यात दहा दिवसांचा जादा माल भरला. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीकडं सरकायला लागलं की कास्टिंग नदीच्या अलीकडं आणायचं आणि तयार माल पुण्याला काढायचा, ४३ फुटांची धोका पातळी गाठेपर्यंत वाट बघत बसायचं नाही, असं ठरवून भिंतीवर लिहिलंय.

खर्च म्हणाल तर प्लास्टिकचे डबे, पिशव्या, लॅमिनेट केलेली कार्डं आणि एक फळी. सगळं स्टोअर एकदम घेऊ नका. आम्ही १२ वस्तूंनी सुरुवात केली, आज ८६ आहेत. पुढच्या महिन्यात पिवळ्या पट्ट्या काढताना प्रत्येक कार्डाचा आकडा नव्यानं मांडायचाय, कारण दोनाच्या तीन पाळ्या झाल्यापासून ड्रिलचा खप बराच वाढलाय.