प्राथमिक शाळेतील ‘मनाचे आरोग्य’ कार्यक्रम : एका पालकाचा अभिप्राय

माझी मुलगी कोल्हापूरच्या राजारामपुरीतील एका मराठी माध्यमाच्या शाळेत तिसरीत शिकते. यंदा शाळेने एका खासगी संस्थेला बोलावून मुलांचे मानसिक स्वास्थ्य आणि एकमेकांशी आदराने वागणे या विषयावर दर शनिवारी पाऊण तासाचा एक, असे दहा वर्ग घेतले. प्रत्येक मुलाला एक कृतिपुस्तिका मिळाली आणि शेवटी पालकांची बैठक झाली. पालक प्रतिनिधी म्हणून त्यांतल्या तीन तासांना मी मागच्या बाकावर बसलो होतो, त्यामुळे पुढील मत केवळ मुलीच्या सांगण्यावर बेतलेले नाही.

मला सर्वांत आवडला तो ‘थांब’चा खेळ. दोन मुले समोरासमोर उभी राहतात, एक चालत पुढे येते, दुसऱ्याने ‘थांब’ म्हणताच जागच्या जागी थांबायचे आणि कारण विचारायचे नाही. पहिल्या फेरीत एक मुलगा हसत हसत दोन फरश्या पुढे गेला. तास घेणाऱ्या संस्थेच्या ताई रागावल्या नाहीत. ‘ती थांब म्हणाली तेव्हा तुझा पाय कुठल्या फरशीवर होता?’ एवढेच त्यांनी विचारले, आणि तो आपणहून मागे सरकला. नंतर त्याचीच पाळी आली तेव्हा त्याच्या तोंडून शब्दच फुटेना. वर्गात खुसखुस सुरू झाली, पण ताईंनी सगळ्यांना गप्प बसवून त्याच्यासाठी वाट पाहिली. तालमी आणि पेठांच्या फुटबॉलच्या या गावात ‘पोरीसारखा रडतोस काय’ हे वाक्य ऐकतच मुलगे वाढतात; तिथे एखाद्या मुलाला ‘मला नको’ म्हणण्याचा सराव देणे मला फार मोलाचे वाटते. आमच्या घरी या खेळाचा पहिला प्रयोग गालगुच्चा घेणाऱ्या आत्यावर झाला आणि तो आत्याला अजिबात रुचला नाही, हेही नमूद करतो.

कृतिपुस्तिका मात्र निराशाजनक आहे. ‘भावनिक नियमन’, ‘स्व-जाणीव’ असले शब्द आठ वर्षांच्या मुलापुढे ठेवणारी ही भाषा उघडच भाषांतरित आहे. राग आल्यास ‘आपल्या खोलीत जाऊन शांत बसा’ असा सल्ला एका पानावर आहे. वर्गातील निम्म्याहून अधिक मुलांच्या घरी अख्ख्या कुटुंबाला मिळून दोन खोल्या असतील. त्यांनी कुठे जावे? माझ्या मुलीने त्या चौकटीत गच्चीचा जिना काढला.

एका प्रसंगाने मी अस्वस्थ झालो. भांडणाची गोष्ट सांगताना एक मुलगी ‘मी रडलो नाही’ म्हणाली. कोल्हापुरात मुली आणि बायकाही ‘मी आलो, मी जेवलो’ असेच बोलतात. ताईंनी तिला मधेच थांबवून ‘रडले म्हण’ असे सुधारले. पोरगी गोष्ट अर्धवट टाकून खाली बसली. ज्या तासाचा विषयच दुसऱ्याचे म्हणणे पूर्ण ऐकून घेणे हा होता, त्याच तासात हे घडावे!

पालकांच्या बैठकीत पॉक्सो कायद्याबद्दलची दहा मिनिटे उत्तम होती. २०१२ च्या या कायद्याच्या कलम १९ नुसार मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले, किंवा तसा धोका जाणवला, तरी पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे आणि ‘शाळेची बदनामी होईल’ ही सबब चालत नाही, हे संस्थेच्या लोकांनी स्वच्छ शब्दांत सांगितले. १०९८ हा संकटातील मुलांच्या मदतीसाठीचा विनाशुल्क क्रमांक मुलांकडून पाठ करून घेतल्याबद्दलही त्यांचे आभार. परंतु शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शाळेत शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई केली आहे, याचा उल्लेख बैठकीत झाला नाही, आणि पुस्तिकेतही तो नाही. मुलांनी एकमेकांशी कसे वागावे यावर दहा तास. मोठ्यांनी मुलांशी कसे वागावे यावर एक ओळही नाही.

माझा मुख्य आक्षेप इथेच आहे. तास चालू असताना वर्गशिक्षिका शिक्षक-खोलीत वह्या तपासत असत, कारण संस्थेच्या आराखड्यात त्यांना कामच दिलेले नव्हते. परिणामी शनिवारी ज्या मुलाची सगळ्यांनी वाट पाहिली, तोच सोमवारी गृहपाठ विसरला म्हणून कान धरून दारात उभा होता. दोष बाईंचा म्हणवत नाही; शनिवारी काय झाले हे त्यांना कुणी सांगितलेच नव्हते.

प्रत्येकी ६०० रुपये हे शुल्क आमच्या शाळेतील पालकांना जड आहे. तरीही जूनमध्ये हा कार्यक्रम पुन्हा घ्यावा, असे मी शाळेच्या अभिप्राय अर्जात लिहिले आहे, मात्र तीन अटींवर : वर्गशिक्षिका प्रत्येक तासाला वर्गात हव्यात, पुस्तिका इथल्या शिक्षकांकडून नव्याने लिहून घ्यावी, आणि ‘मी रडलो’ म्हणणाऱ्या मुलीला तिची गोष्ट पुरी करू द्यावी.